रेस दिली की गाडी बंद: आधी वेळ बघा, मग पाना उचला

गणपती आठवड्यावर आले की कोकणातल्या गॅरेजांत एक ठरावीक तक्रार यायला लागते. गाडी सेल मारली की सुरू होते, उभी असताना नीट चालते, पण पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटरवर पाय दिला की एक झटका खाते आणि बंद. गाडी बहुतेकदा जुनी मारुती ८००, ओम्नी, नाहीतर कुणाच्या वडिलांनी जिवापाड जपलेली पद्मिनी. मालक मुंबईला, गाडी वर्षभर गावच्या घरामागे पत्र्याखाली. मालकाचं निदान तयारच असतं: "काका, कार्बोरेटर साफ करून द्या." आणि मुरलेला फिटर हात पुसत उलट विचारतो, "ते बघू रे. मरते कधी ते सांग आधी. पाय दिल्या दिल्या, की थोडी पळून?"

मालकाला वाटतं काका वेळ काढतायत. खरं तर सगळं निदान याच प्रश्नावर उभं आहे. पाय दिल्याच्या क्षणी मरणारी गाडी आणि चार-पाच सेकंद ओढून मग मरणारी गाडी, या दोघींचे आजार वेगळे. पहिलीत बिघाड कार्बोरेटरच्या गळ्याशी असतो, दुसरीत तो टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत कुठेही असू शकतो. आणि दोन्हीचं सोंग हुबेहूब घेणारा तिसरा गडी म्हणजे इग्निशन, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारी यंत्रणा.

हे असं का, ते कळायला कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, पोटात थोडं डोकवायला हवं.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये बोलायचं तर एका लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. हे माप सांभाळायला कार्बोरेटरकडे ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते, हाच त्याचा गळा. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. वाटीतली पातळी कायम राखायला फ्लोट आणि सुई असते. फ्लशच्या टाकीत बॉल वर आला की पाणी थांबतं, तीच युक्ती.

इंजिन एका वेगात चालत असेल तर ही व्यवस्था झकास चालते. घोळ होतो वेग बदलताना. गाडी स्लोवर, म्हणजे पाय न देता नुसती चालू, उभी असते तेव्हा थ्रॉटलची पाकळी (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) जवळजवळ मिटलेली असते, हवा इतकी थोडी जाते की मुख्य जेटमधून पेट्रोल ओढलंच जात नाही. तेव्हा इंजिनाला पेट्रोल मिळतं ते पाकळीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका वेगळ्या भोकातून. पाकळी जराशी उघडली की तिच्या कडेशी असलेली आणखी बारीक भोकं कामाला लागतात, आणि हवेला पुरेसा जोर आला की मुख्य जेट सुरू होतं. स्लोपासून पळण्यापर्यंत पेट्रोलची वाट अशी दोनदा बदलते, आणि गाडी मरते ती बहुतेकदा या बदलाच्या वेळी.

त्यात तुम्ही पाय झटकन दाबला तर हवा क्षणात आत घुसते. पेट्रोल तिच्यापेक्षा सहाशे पट जड, ते मागे राहतं. शिवाय पाकळी उघडल्यावर मॅनिफोल्डमधला (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम उतरतो, म्हणून जे थोडं पेट्रोल वाफ होऊन चाललेलं असतं त्यातलंही काही नळीच्या भिंतींना चिकटून बसतं. क्षणभर सिलिंडरमध्ये नुसती हवाच हवा. मिश्रण फार पातळ झालं की ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही.

हा क्षण निभावून नेण्यासाठी कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप बसवलेला असतो: ॲक्सिलरेटर पंप. पाय दाबला की लिंक एका रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रामला (काही कार्बोरेटरांत पिस्टनला) ढकलते आणि गळ्यात पेट्रोलची पिचकारी उडते. एवढंच त्याचं काम. पण हाच पंप लंगडा झाला की पाय दिल्या दिल्या गाडी मरते.

त्याची तपासणी फुकट आहे. इंजिन बंद. एअर फिल्टर काढा. चोकची झडप उघडी ठेवून टॉर्च मारून गळ्यात बघा आणि हाताने थ्रॉटलची लिंक झटकन फिरवा. लिंक हलल्याबरोबर बारीक, सरळ, जोरदार धार उडाली पाहिजे. धार उशिरा आली, थेंब थेंब गळली, भिंतीवर वाकडी गेली किंवा आलीच नाही, तर चोर सापडला. (गळ्यात बघताना तोंडात विडी-सिगारेट नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.) मात्र वाटीत पेट्रोल आहे याची आधी खात्री करा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची वाटी सुकलेली असते आणि पंप बिचारा उगाच बदनाम होतो.

धार आली नाही तर डायफ्राम कडक झालेला किंवा फाटलेला असेल, पिचकारीचं तोंड मळाने बुजलं असेल, नाहीतर आतली छोटी गोळी चिकटून बसली असेल. कार्बोरेटरचं किट आणून डायफ्राम आणि गॅस्केटं बदलायची. इथे एक कळकळीची विनंती: जेटमध्ये तार घालू देऊ नका. जेट पितळेचं असतं आणि त्याच्या भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात धरलेलं असतं. तारेने भोक जरा जरी मोठं झालं की गाडी जन्मभर काळा धूर सोडेल आणि पेट्रोल पंपावर पैसे ओतत राहाल. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा प्रेशर, बस्स.

पिचकारी ठणठणीत असूनही गाडी त्याच क्षणी मरत असेल तर बाहेरची चोरटी हवा शोधायची. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधलं गॅस्केट, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी, डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाकडे) जाणारी पातळ नळी. कोकणात या रबरी नळ्यांची वाट लवकर लागते. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी, पावसात चार महिने ओल. नळीचं टोक दोन बोटांत धरून वाकवलं की वळणावर बारीक भेगा उघडतात, त्या सरळ नळीत दिसत नाहीत. स्लो चढ-उतार करत असेल, स्क्रू फिरवूनही ठरत नसेल, तर संशय इथेच घ्यावा.

आता चोक. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर ओढायचा चोक असतो, आणि लोक तो सकाळी गाडी सुरू करण्यापुरताच ओळखतात. निदानाला याच्याइतकं सोयीचं हत्यार गाडीत दुसरं नाही. इंजिन पुरतं गरम होऊ द्या. मोकळ्या रस्त्यावर गाडी जिथे झटका खाते तिथे चोक थोडासा, पाव-एक ओढा आणि तसाच पाय द्या. चोकने मिश्रण घट्ट होतं. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त जातेय: पंप, जेट, पातळी, चोरटी हवा, फिल्टर यांकडे वळा. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे: एअर फिल्टर बुजलेला, फ्लोटची सुई गळणारी. काहीच फरक पडला नाही तर कार्बोरेटर बाजूला ठेवा आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. पैसा न मोडता एवढं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही, आणि ती न करता कार्बोरेटर खोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

चढावर मरणारी गाडी

दुसरी जात म्हणजे सपाटीला ठीक, पण घाटात मान टाकणारी. साखरप्याहून आंबा घाट चढायला घेतला, दुसऱ्यात पाय दाबून धरला, पहिली वळणं मजेत गेली आणि मग गाडी हळूहळू ओढ सोडते, धक्के खाते, बंद पडते. दोन मिनिटं थांबून सेल मारला की पुन्हा सुरू, पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद.

हा वाटीतल्या पेट्रोलचा हिशेब आहे. वाटीत मावतं थोडंसंच. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ते भराभर पितं, आणि मागून येणारा पुरवठा त्या मानाने कमी पडला की वाटी तळाला जाते. थांबलात की सावकाश भरते. म्हणून पुन्हा सुरू होते. यात कार्बोरेटरचा दोष बहुतेकदा नसतोच.

मागून पुढे यावं. सगळ्यात मागे टाकीचं झाकण. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसं तिथे हवा आत यावी लागते, त्यासाठी झाकणात किंवा वेगळ्या नळीत वाट असते. ती बुजली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या पंपाला ते ओढवत नाही. उभ्या गाडीची अशी नळी बुजवण्यात कोकणात एक वाकबगार प्राणी आहे: कुंभारीण. दाराच्या कुलपात आणि खिडकीच्या चौकटीत मातीचं घर करणारी ही माशी गाडीच्या नळ्याही सोडत नाही. तपासायला सोपं: गाडी मरत्या क्षणी थांबा आणि टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी नीट पळाली, तर उत्तर मिळालं. नुकतं पेट्रोल भरल्यावर थोडा वेळ बरी चालणारी गाडीही हीच गोष्ट सांगत असते.

मग फिल्टर. उभ्या गाडीच्या अर्ध्या टाकीत वरच्या मोकळ्या पत्र्यावर पावसाळ्यात दव धरतं, गंजाची लाल भुकटी पेट्रोलात उतरते. आपल्याकडची माती आणि गंज एकाच रंगाचे, म्हणून पारदर्शक फिल्टरच्या तळाशी लाल गाळ दिसला की लोक म्हणतात पंपावरचं पेट्रोल खराब. पंपवाल्याला शिव्या घालण्याआधी टाकीचा तळ बघा. नवा फिल्टर टाकूनही तो पुन्हा लवकर लाल झाला तर टाकी उतरवून धुवायचीच आहे.

पुढे पेट्रोल आणणारा हा पंप. या गाड्यांत तो यांत्रिक, इंजिनालाच चिकटलेला असतो. कॉइलला (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाला) वीज पुरवणारी वायर काढून ठेवायची म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरायची आणि कुणाला तरी सेल मारायला सांगायचं. ठोके पडल्यासारखं ठसठशीत पेट्रोल पडलं पाहिजे. नुसती फुसफुस आली, बुडबुडे आले, तर पंपाचा डायफ्राम गेला किंवा टाकीकडच्या नळीला कुठेतरी चीर आहे. इंजिन थंड असताना हे करा, उघड्यावर करा, आणि बाटली काचेची घ्या.

काचेची अशासाठी की तीच बाटली तासभर शांत ठेवून तळ बघायचा. तळाला वेगळा थर दिसला तर पेट्रोलात पाणी आहे. आता पंपावर मिळतं ते ई-२० म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाण्याचं सख्खं. थोडं पाणी ते पोटात घेऊन टाकतं, काही बिघडत नाही. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलापासून फुटतं आणि जड असल्यामुळे तळाला बसतं. टाकीतून पेट्रोल ओढणारी नळीही तळालाच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत अर्धी टाकी घेऊन गाडी जूनपासून गणपतीपर्यंत उभी ठेवली तर काय होणार? असल्या टाकीवर औषधं ओतू नयेत. सगळं काढून टाकावं.

इथेनॉलबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती थेट झटक्याशी जोडलेली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० ला हवा कमी लागते: १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास. नवी इंजेक्शनची गाडी सेन्सर वाचून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरचं जेट मात्र जुन्या पेट्रोलाच्या मापाचं, ते आहे तेवढंच सोडणार. म्हणजे धडधाकट कार्बोरेटरही आज थोडं पातळ मिश्रण देतो, आणि पूर्वी खपून जाणारा बारीक दोष आता झटका होऊन समोर येतो. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, म्हणून डायफ्राम आणि नळ्या घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, हे दुकानात विचारून घ्यावं. काही जण जेट एक माप मोठं टाकतात. चांगला उपाय आहे, पण सगळ्यात शेवटी करायचा. चोरटी हवा तशीच ठेवून जेट मोठं केलं तर दोन दोष एकमेकांना झाकून बसतात आणि पुढच्या फिटरचं डोकं खातात.

उन्हाळ्यात घाटात एक वेगळाच प्रकार होतो. गरम इंजिनाशेजारच्या नळीत पेट्रोलाची वाफ धरते आणि पंप वाफच ढकलत बसतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते याचसाठी. फडक्याने फरक पडला तर नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या.

सोंगाड्या इग्निशन

पाय दिला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो. जास्त दाबात ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल, चिरलेली वायर, गॅप वाढलेला प्लग हे सगळे स्लोवर वेळ मारून नेतात आणि बोजा पडला की उघडे पडतात. बाहेरून बघणाऱ्याला तंतोतंत पेट्रोल कमी पडल्यासारखंच वाटतं. फरक एवढाच की इग्निशनचं मरण तडकाफडकी असतं, बटन बंद केल्यासारखं. पेट्रोलाचं मरण दमत दमत येतं. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे.

समुद्राकाठी यात मिठाची भर. खाडीवरून येणारी खारी हवा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर आणि वायरींवर न दिसणारा थर धरते, त्याला ओल लागली की वीज प्लगकडे जायचं सोडून त्या थरावरून पळते. अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, कुणाला तरी रेस द्यायला सांगा. निळ्या रेषा सरपटताना दिसतील. हात लांब ठेवा, झटका सणसणीत बसतो. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, झाकण बदला.

पॉइंट-कंडेन्सरच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघड-मीट होणाऱ्या टोकांनी ठिणगी पाडणाऱ्या) गाडीत एक दोष आहे जो भल्याभल्यांना फिरवतो. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट बसवलेली प्लेट व्हॅक्यूमच्या जोरावर थोडी पुढे-मागे सरकते, म्हणजे ठिणगीची वेळ बदलते. पॉइंटला जोडलेली बारीक लवचीक वायर त्या प्लेटबरोबर दर वेळी हलते. वर्षानुवर्षं हलून ती आवरणाच्या आत तुटते. बाहेरून पाहिलं तर शाबूत. प्लेट एका जागी असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहतात, गाडी चालते. पाय दिला, प्लेट सरकली, टोकं सुटली, गाडी खलास. पाय काढला की पुन्हा टेकली! लोक कार्बोरेटर दोनदा खोलतात, पंप बदलतात, आणि दोष असतो वीतभर वायरीत. झाकण काढून, इग्निशन बंद ठेवून, वायर दोन्ही टोकांना धरून हलकीच ताणा. आतून तुटलेली वायर रबरासारखी लांबते. तिथेच असाल तर पॉइंटचा गॅपही बघून घ्या, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला धरावा.

प्लग काढून रंग बघायची जुनी सवय चांगली आहे. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, पांढरट कोरडा म्हणजे मिश्रण पातळ, काजळी धरलेला म्हणजे घट्ट. पण गाडी घाटात मरत असेल तर घाटातच थांबून, इंजिन जरा निवू देऊन प्लग काढावा. घरी येऊन दहा मिनिटं स्लोवर चाललेल्या इंजिनाचा प्लग स्लोचीच हकीकत सांगतो.

एवढं सगळं करूनही पाय दिल्यावरचा झटका उरलाच, तर थ्रॉटलच्या पाकळीचा दांडा बोटांनी वर-खाली हलवून पाहा. तो लुडबुडत असेल तर कार्बोरेटरचं शरीरच झिजलंय, दांड्याच्या बाजूने हवा शिरते आणि कुठलंही किट ती थांबवू शकत नाही. लेथवाल्याकडून बुश (दांड्याभोवती बसणारी धातूची कडी) मारून घेता येतात, आणि बाजारात ओरिजिनलच्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त नव्या कार्बोरेटरपेक्षा बुश मारलेला जुना परवडला असं माझं मत आहे. नवा घ्यायचाच झाला तर पैसे मोजण्याआधी दुकानात उभं राहून त्याचाही दांडा हलवून बघा.